आईबाबांना द्यायचा कागद : अमेरिकेतल्या हॉटेलात लागणारं इंग्रजी

कृष्णाकाठ :

माझे आईबाबा येत्या मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी पुन्हा न्यू जर्सीला येताहेत. ही त्यांची दुसरी खेप. आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर घरात ते दोघंच असतात. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गेलं की हिंदी-गुजरातीत बोलून डोसा, चाट सगळं मागवता येतं, पण तिथे जायला गाडी लागते. घरापासून पायी जाण्यासारखी दोन-तीनच ठिकाणं आहेत आणि तिथे इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही.

मागच्या खेपेची गोष्ट सांगते, म्हणजे हा धागा का काढला ते कळेल. एका दुपारी दोघं फिरत फिरत एका हॉटेलात गेले. आईने मेन्यूकार्डात 'अनियन' आणि 'सूप' हे दोन शब्द ओळखले. कांद्याचं सूप, वर पावाचा तुकडा आणि वितळलेलं चीज. तिने विचारलं, "नो मीट?" वाढणारी मुलगी हसून म्हणाली, "नो मीट." आईने वाटी संपवली. संध्याकाळी मी घरी आल्यावर तिने पर्समधून बिल काढून दाखवलं, कारण ते तिने स्वतः इंग्रजीत मागून घेतलं होतं. वर लिहिलं होतं 'फ्रेंच अनियन सूप'. हे सूप मुळात बीफच्या पाण्यात शिजवतात. सांगावं की नाही असा विचार करत मी गप्प उभी होते, पण माझ्या चेहऱ्यावरून तिनेच ओळखलं. काही बोलली नाही. उठून आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी उपास धरला. त्यानंतर परत जाईपर्यंत बाहेर तिने फळं आणि चहा याखेरीज कशाला हात लावला नाही.

त्या मुलीने खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी 'मीट' म्हणजे मांसाचा तुकडा, आणि सुपात तुकडा नव्हताच. आईचा प्रश्न अपुरा पडला, आणि पुरा प्रश्न मी तिला कधी शिकवलाच नव्हता. ते मला अजून लागतं. म्हणून या वेळी मी एक कागद करते आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत, मोठ्या अक्षरात, पाकिटात मावेल एवढा.

सगळ्यात वरचं वाक्य : "इज इट मेड विथ चिकन ब्रॉथ ऑर बीफ ब्रॉथ?" ब्रॉथ म्हणजे आमच्या भागात मटणाचं अळणी पाणी काढतात ना, तेच. काही जण त्याला स्टॉक म्हणतात. आईला हा दाखला दिला आणि तिला एका क्षणात समजलं.

त्याच्याखाली : "आय डोन्ट ईट मीट, चिकन, फिश ऑर एग्ज." चारही शब्द वेगवेगळे उच्चारायचे. इथे बऱ्याच जणांच्या बोलण्यात मीटमध्ये चिकन धरलेलं नसतं, आणि आपण नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासे चालत असतील असं समजणारेही भेटतात. 'प्युअर व्हेज' आणि 'नॉनव्हेज' हे आपल्याकडचे शब्द आहेत, ते इथे कुणाला उमगत नाहीत. मेन्यूकार्डावर 'व्ही' अक्षर असेल तर तेही विचारून घ्यावं, कारण कुठे त्याचा अर्थ व्हेजिटेरियन असतो, कुठे व्हीगन, म्हणजे दूध-तूपही न खाणारा. आपल्या पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्यासारखी एकच ठरलेली खूण इथे नाही.

लपलेल्या गोष्टी मागच्या बाजूला लिहिते आहे. मेक्सिकन हॉटेलातला लालसर भात बरेचदा चिकन ब्रॉथमध्ये शिजवलेला असतो. तिथल्या रिफ्राइड बीन्समध्ये जुन्या पद्धतीप्रमाणे लार्ड, म्हणजे डुकराची चरबी घालतात. सीझर सॅलड दिसतं पानांचं, पण त्याच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारीक मासे असतात. थाई करीत फिश सॉस किंवा कोलंबीची पेस्ट. जेलो नावाच्या जेलीत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. आणि आमच्या न्यू जर्सीत डायनरच्या कार्डावर 'टेलर हॅम' असतं, काही भागांत त्यालाच पोर्क रोल म्हणतात. हॅम म्हणजे डुकराचं मांस, हा शब्द माहीत नसेल तर नावावरून काही बोध होत नाही.

भाज्यांची नावंही बदलतात. ब्रिंजलचं एगप्लांट, लेडीज फिंगरचं ओक्रा, कॅप्सिकमचं बेल पेपर, कोरिअँडरच्या पानांचं सिलँट्रो, कर्डचं योगर्ट. 'आँत्रे' म्हणजे अमेरिकेत मुख्य जेवण, आधीच्या खाण्याला ॲपेटायझर. बिस्किट मागवलं तर पारले-जीसारखं काही येत नाही, मऊ लादीपावासारखं येतं, आणि 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही' असेल तर त्या पांढऱ्या ग्रेव्हीत सहसा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं.

आणि हो, 'हॉटेल' म्हणजे इथे फक्त राहायची जागा. आईने शेजारणीला "वी वेन्ट टू हॉटेल" सांगितलं तर त्या बिचारीने घरात पाणी वगैरे गळतंय का म्हणून काळजीने विचारलं. 'रेस्टॉरंट' म्हणायचं.

तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी अडचणी सोसल्या असतील तर लिहा. मला कागद पक्का करायचा आहे.

रानजाई :

अगदी गरजेचा धागा. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी तीन वर्षं ओहायोत एका रेस्टॉरंटमध्ये वाढपाचं काम केलं, तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

आपल्या माणसांची पंचाईत बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त होते. मागायचं काय ते ठरवून आलेले असतात, पण आम्ही जे विचारतो ते कानावर पडतं तेव्हा त्याचा एक सलग शब्द झालेला असतो. म्हणून प्रश्न कोणत्या क्रमाने येतात तेच शिकवा. क्रम जवळजवळ सगळीकडे सारखा असतो.

दारात : "हाऊ मेनी?" उत्तर "टू." मग "टेबल ऑर बूथ?" बूथ म्हणजे गादीच्या समोरासमोर बाकांची जागा. गुडघे दुखत असतील तर टेबलच बरं, बाकावर आत सरकावं लागतं.

बसल्यावर : "कॅन आय स्टार्ट यू ऑफ विथ समथिंग टू ड्रिंक?" हे ऐकून बरेच ज्येष्ठ लोक घाईघाईने "नो ड्रिंक्स" म्हणतात, त्यांना दारू वाटते. मग पाणीही येत नाही. म्हणायचं, "जस्ट वॉटर, नो आइस, प्लीज." गरम हवं असेल तर "हॉट वॉटर विथ लेमन." चहा हवा असेल तर "हॉट टी" असंच म्हणायचं, नुसतं टी म्हटलं तर अनेक भागांत बर्फाचा चहा येतो. आणि "मिल्क ऑन द साइड" मागायचं, नाहीतर कपभर गरम पाणी आणि एक पुडी एवढंच समोर येईल. दूध म्हणून छोट्या डब्या आणल्या आणि त्यावर 'हाफ अँड हाफ' असलं तर ते अर्धं दूध, अर्धी साय. चहाला चालतं, घट्ट लागतो.

खाणं मागवताना : "कम्स विथ सूप ऑर सॅलड." हे 'सुपर सॅलड' असं ऐकू येतं. दोन्हींतलं एक निवडायचं आहे.

मध्येच : "आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?" म्हणजे तुमचं खाऊन झालं का, ताट उचलू का. एका काकांनी मला "नो, आय ॲम रिटायर्ड" असं उत्तर दिलं होतं. फार सज्जन माणूस. मी त्यांना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, कारण महिनाभरात घराबाहेर कुणी मराठी बोललं नव्हतं.

शेवटी : "आर यू ऑल सेट?" म्हणजे अजून काही हवंय का. "येस, जस्ट द चेक, प्लीज." चेक म्हणजे इथे बिल. उरलेलं घरी न्यायचं असेल तर "कुड आय गेट अ बॉक्स?" इथे पार्सल म्हणजे टपालाने येणारं खोकं. काउंटरवर "फॉर हिअर ऑर टू गो?" विचारतात, ते इतकं भरभर म्हणतात की पहिल्यांदा कुणालाच कळत नाही.

उंबरठा :

छान माहिती. माझी एक सूचना. आम्ही सरळ "ॲलर्जिक टू मीट" सांगतो. ॲलर्जी म्हटलं की लगेच सावध होतात, ब्रॉथपर्यंत सगळं विचारून येतात. वाद नको, समजावणं नको.

रानजाई :

उंबरठा, तुमची अडचण कळते, पण हे करू नका अशी कळकळीने विनंती. ॲलर्जी शब्द कानावर पडला की स्वयंपाकघरात तवे धुतात, हातमोजे बदलतात, मॅनेजर येऊन बघतो. शेंगदाण्याच्या एका कणाने ज्या मुलाचा श्वास अडकतो त्याच्यासाठी ती धावपळ आहे. मग ॲलर्जी सांगणाऱ्याच टेबलावरून जिलेटिनची मिठाई मागवलेली दिसली की पुढच्या खऱ्या रुग्णाकडे तेवढ्या गांभीर्याने बघितलं जात नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याऐवजी म्हणा : "आय कान्ट हॅव इट फॉर रिलिजस रीझन्स. कुड यू प्लीज चेक विथ द किचन?" मी काम केलं तिथे या वाक्याला नेहमी मान मिळाला. शेवटचं 'चेक विथ द किचन' फार कामाचं, कारण वाढणाऱ्याला ब्रॉथ कशाचा ते बहुधा ठाऊकच नसतं.

उंबरठा :

पटलं. हा विचार केला नव्हता. वाक्य लिहून घेतलं.

पाटीपेन्सिल :

मी इस्लामपूरला तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त. दोन गोष्टी लिहितो, कारण त्या कोणत्याही 'इंग्रजी बोला' पुस्तकात मला नीट सापडल्या नाहीत.

पहिली आदराची. आपण "एक कॉफी द्या" म्हणतो आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही, कारण मान त्या 'द्या'मध्येच आहे. 'दे' आणि 'द्या' यांत जो फरक आहे तो इंग्रजीच्या 'गिव्ह'मध्ये नाही. त्यामुळे "गिव्ह मी वन कॉफी" हे आपल्या मनात 'द्या' असतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात 'दे' पडतं. आपली माणसं उद्धट नसतात, त्यांचा मान भाषांतरात गळून जातो. इंग्रजीत तो मान वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा लागतो : "कुड आय गेट..." किंवा "आय विल हॅव...", आणि शेवटी 'प्लीज'. आईबाबांना व्याकरण सांगू नका. एवढंच सांगा की 'कुड आय गेट' म्हणजे 'द्या'.

दुसरी होकार-नकाराची. "यू डोन्ट वॉन्ट आइस?" असं विचारलं की मराठी माणूस म्हणतो "येस", म्हणजे 'हो, नकोच'. आपण समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत तिथे "नो" लागतो. 'येस' म्हटलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो किंवा ग्लासभर बर्फ आणतो. बर्फाचं ठीक आहे, पण "यू डोन्ट ईट एग्ज?" याला 'येस' म्हटलं तर? म्हणून हो-नाहीवर सोडूच नये. पूर्ण शब्द म्हणायचे : "नो एग्ज, प्लीज." मान हलवणंही आवरायचं, आपली ती होकाराची मान त्यांना नकारासारखी दिसू शकते.

आणखी थोडं. 'हॉट' म्हणजे गरमही आणि तिखटही. तिखट हवं तर 'स्पायसी' म्हणावं. आपल्याकडे सूप 'वन बाय टू' मागवतात, तो शब्द तिकडे चालत नाही. "वी विल शेअर इट. कुड वी गेट टू बोल्स?" असं म्हणावं. आणि 'व्हेजिटेरियन' म्हणताना 'टे'वर जोर द्यावा. आपण पाचही अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे शब्द बरोबर असूनही ऐकणाऱ्याला तो ओळखू येत नाही.

कृष्णाकाठ :

सर, 'द्या'चं वाचून मी थक्क झाले. बाबा नेहमी "गिव्ह टू टी" म्हणतात आणि मी त्यांना चारचौघांत टोकायचे. त्यांचा स्वर किती मृदू असतो ते मला माहीत होतं, तरी टोकायचे. आज फोन करून सांगते.

थेम्सकिनारी :

इंग्लंडला येणाऱ्यांसाठी. माझे सासरे माळकरी आहेत, पंढरीची वारी कधी चुकवलेली नाही, त्यामुळे आमच्याकडे हा विषय फार जपून हाताळावा लागतो.

इथे एक मोठी सोय आहे. कायद्याने ठरवलेले १४ ॲलर्जीचे पदार्थ कशात आहेत ते रेस्टॉरंटला सांगावंच लागतं, त्यात अंडं, मासे, दूध, शेंगदाणे, तीळ, अगदी मोहरीसुद्धा येते. "कुड आय सी द ॲलर्जन मेन्यू?" म्हटलं की बऱ्याच ठिकाणी तक्ताच हातात देतात. त्यात अंडं आणि मासे लगेच सापडतात. मांस मात्र त्या यादीत नाही, तेव्हा ब्रॉथचा प्रश्न इथेही विचारावाच लागतो.

शब्दांचे घोटाळे वेगळे. 'पुडिंग' म्हणजे जेवणानंतरचं गोड, पण 'ब्लॅक पुडिंग' रक्ताचं असतं. नाताळातल्या 'मिन्स पाय'मध्ये मांस नसून सुका मेवा असतो, तरी त्यात जुन्या पद्धतीने स्यूट, म्हणजे गुरांची चरबी घालतात, तेव्हा "इज इट व्हेजिटेबल स्यूट?" विचारायचं. 'चिप्स' म्हणजे फ्रेंच फ्राइज, आपले वेफर्स म्हणजे 'क्रिस्प्स'. 'सायडर' सफरचंदाचं असलं तरी इथे त्यात दारू असते. वांगं 'ओबर्जीन'. पार्सलला 'टेक अवे', बिलाला बिलच.

पाण्याचं : "टॅप वॉटर, प्लीज." जिथे दारूचा परवाना आहे तिथे ते फुकट द्यावंच लागतं. नुसतं 'वॉटर' म्हटलं की "स्टिल ऑर स्पार्कलिंग?", म्हणजे साधं की बुडबुड्यांचं, असं विचारतात आणि बाटली बिलात लागते. टिपेचं आधी बिल बघून ठरवा, लंडनमध्ये बरेचदा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो.

दोनकप :

टिपेवरून आठवलं. अमेरिकेत नक्की किती द्यायची? माझ्या वडिलांना हा प्रकार अजिबात पटत नाही. कार्डावर एक किंमत, बिलात दुसरी, आणि वर टीप.

आणि एक प्रश्न. आईची एकादशी आणि संकष्टी असते. तेव्हा बाहेर काय मागवावं?

रानजाई :

टीप : बसून जेवलात तर १८ ते २० टक्के. मागचं कारण सांगितलं की वडीलधाऱ्यांना पटतं असा माझा अनुभव आहे. केंद्रीय कायद्याने वाढप्याला मालकाने द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे आणि तो आकडा १९९१पासून बदललेला नाही. बाकीचं टिपेतून यावं अशीच रचना आहे. टिपेसकट साधं किमान वेतन भरलं नाही तरच उरलेलं मालक भरतो. काही राज्यांत दर जास्त आहे, कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन मिळतं, पण टीप तिथेही देतात. म्हणजे जिथे दर २.१३च आहे तिथे टीप न ठेवता उठलो तर त्या टेबलापुरतं त्या माणसाचं काम जवळजवळ फुकट गेलं.

हिशोब असा करा. न्यू जर्सीत २४ डॉलरचं खाल्लं, त्यावर ६.६२५ टक्के कर १.५९. टीप खाण्याच्या रकमेवर, २० टक्क्यांनी ४.८०. एकूण ३०.३९. पैशांसाठी बँकेचं कार्ड दिलं की ते परत आणताना दोन चिठ्ठ्या आणतात, त्यावर 'टिप' आणि 'टोटल' या ओळी रिकाम्या असतात. त्या आपण हाताने भरायच्या आणि सही करायची. मोठा घोळका असेल तर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टीपच, आधीच लावलीय का ते बघा, म्हणजे दोनदा जाणार नाही.

उपासाला : बेक्ड पोटॅटो. सालासकट भाजलेला भलामोठा बटाटा, स्टेकच्या रेस्टॉरंटमध्येही मिळतो. "अ प्लेन बेक्ड पोटॅटो, नथिंग ऑन इट, बटर ऑन द साइड." 'लोडेड' शब्द कार्डावर असेल तर त्यावर बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून 'प्लेन' आणि 'नथिंग ऑन इट' दोन्ही म्हणायचं. माझ्या सासूबाई पर्समध्ये सैंधव आणि जिरेपूड घेऊन जायच्या, वरून भुरभुरवलं की झालं.

मोगरवेल :

मी स्वतः त्या आईच्या जागी आहे. वय ६८, लेकीकडे सिअ‍ॅटलला येऊन-जाऊन असते. कागदाबद्दल दोन शब्द.

देवनागरीतला कागद आमच्यासाठी हवाच, पण त्याच्यामागे तेच इंग्रजी लिपीत लिहून द्या. गर्दीच्या वेळी तिथे आवाज फार असतो, माझं वाक्य बरोबर असलं तरी पोचत नाही. तीनदा म्हणूनही समोरच्याला कळलं नाही की घसा कोरडा पडतो आणि मग काहीही आणा असं होऊन जातं. मी आता एकदा म्हणते, नाही कळलं तर कागद पुढे करते. एकदा तर वाढणारा मुलगा तो कागद घेऊन आत स्वयंपाक्याकडेच गेला आणि येऊन म्हणाला, सुपात चिकन आहे, पण पास्ता करून देतो.

अक्षर मोठं ठेवा. आणि "सॉरी, कुड यू से दॅट स्लोली?" हे वाक्य सगळ्यात वर घाला, ब्रॉथच्याही वर. ते आलं की बाकीची भीती अर्धी होते.

कृष्णाकाठ :

मोगरवेल, तुमचं म्हणणं मान्य. वाक्य सगळ्यात वर घातलं. आता कागदाच्या पुढच्या बाजूला फक्त सात वाक्यं आहेत, बाकी सगळं घरी शिकवण्यासाठी वेगळ्या वहीत. मागे तीच सात इंग्रजी लिपीत, आणि त्याखाली ठळक : मांस नाही, चिकन नाही, मासे नाही, अंडं नाही, ब्रॉथ नाही, लार्ड नाही, जिलेटिन नाही.

काल रात्री फोनवर दोघांची उजळणी घेतली. बाबांना 'द्या'चं सांगितल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग सावकाश म्हणाले, "कुड आय गेट टू टी, प्लीज." मी 'हॉट टी' अशी दुरुस्ती केली. आईला 'ब्रॉथ'मधला शेवटचा थ जमत नव्हता, 'ब्रॉट' होत होतं. दहा वेळा म्हणून घेतलं. "आय ॲम गुड" म्हणजे नको, हे मात्र तिला मान्य नाही. ती "नो, थँक यू" म्हणणार आहे.

फोन ठेवताना तिने विचारलं, सगळी मागायची आणि नको म्हणायची वाक्यं दिलीस, पण छान झालं होतं हे स्वयंपाक करणाऱ्याला कसं सांगायचं? ते कागदावर नाहीच. रानजाई, तुम्ही तिथे होतात, कसं म्हटलं तर आतपर्यंत पोचतं?

रानजाई :

"दॅट वॉज डिलिशस. प्लीज टेल द किचन." आठवं वाक्य म्हणून घाला. आम्ही ते आत जाऊन सांगायचो.